नगारा मुरगूडपर्यंत

खोटे बोलणे आणि खोट्याला मान डोलावणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, असे माझे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत प्रामाणिक मत होते. खोटे बोलायला अक्कल लागते, आवाज लागतो आणि मुख्य म्हणजे स्मरणशक्ती लागते. या तिन्ही गोष्टी माझ्याकडे असत्या तर बी.कॉम. होऊन मी मुरगूडच्या शाखेत बचत खात्याच्या खिडकीमागे बसलो नसतो. मान डोलवायला काही लागत नाही. मान असली की झाले. तीसुद्धा फार ताठ असून चालत नाही.

आमच्या बँकेचा निम्मा कारभार माझ्या मानेवर चालतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. मॅनेजरसाहेब विचारतात, ‘‘मार्चअखेर ठेवी वाढतील ना?’’ माझी मान हलते. शेतकरी सांगतो, ‘‘साहेब, ऊस गेला की पहिला हप्ता तुमचाच.’’ मान हलते. घरी सौ. विचारते, ‘‘मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं की नाही?’’ हिने तेव्हा काय म्हटले होते हे मला आठवत नसते, पण मान हलते. संसार आणि नोकरी या दोन्ही गाड्या या एका वंगणावर वीस वर्षे विनातक्रार चालल्या. आणि त्या वंगणाचा डाग माझ्या सदऱ्यावर कधी दिसला नाही. कारण व्हाउचरवर सही राहते, तशी मानेची कुठे नोंद राहत नाही.

ही नोंद राहते, हे मला समजले ते तपासणीसाहेबांमुळे. म्हणजे साहेबांना अजूनही समजलेले नाही, पण निमित्त त्यांचे.

जानेवारीत आमच्या शाखेची तपासणी निघाली. मुंबईहून एक साहेब आले. गृहस्थ सज्जन. पण ‘‘याला आधार काय?’’ हे एकच वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की चौथ्या दिवशी आमचा शिपाईसुद्धा चहा ठेवताना, ‘‘साहेब, दूध म्हशीचं हाय, आधार बाहीर बांधलाय,’’ असे म्हणाला. चहापान खर्चाची चौऱ्याऐंशी रुपयांची एक पावती होती. तिच्यावर दुकानाचा शिक्का नव्हता. साहेबांनी त्या पावतीवर अर्धा तास घालवला. चौऱ्याऐंशी रुपयांचा चहा मुरगुडात खरोखर पिला गेला, हे पटवून देताना मॅनेजरसाहेबांना स्वतःला चहा प्यावा लागला.

शनिवारी साहेब म्हणाले, ‘‘इतक्या लांब आलोच आहे तर उद्या कोल्हापूरचे राजवाडे पाहून घेतो. मिसेसही आल्या आहेत. पायीच फिरू. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. कोणी माहीतगार मिळेल का?’’ मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. माझी मान हलली.

माहीतगार म्हणून मी गाठले ते सौ.च्या मामांना. मामा शिवाजी पेठेतले. एस. टी.त तीस वर्षे कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून पाहुण्यारावळ्यांना कोल्हापूर दाखवणे हा त्यांचा धर्म आहे. फी घेत नाहीत. श्रोते मिळाले की त्यांना पोचले. माझी आठवीतली मुलगीही हट्टाने बरोबर आली. तिला मामाआजोबा फार आवडतात. ते कुठलीही गोष्ट सांगताना हात इतके पसरतात की रस्त्यावरची रहदारी थांबते.

सकाळी नऊ वाजता भवानी मंडपात उभे राहून मामांनी खाकरून सुरुवात केली. सुरुवात चांगली होती आणि खरीही होती. ताराराणींचं राज्य पन्हाळ्यावरचं, तिथून १७८२ साली राजधानी इथं खाली आली, हा जुना राजवाडा, ही राजघराण्याची तुळजाभवानी, १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, वगैरे. मग म्हणाले, ‘‘आणि सायेब, ह्या गादीला तोफांची सलामी हुती एकवीस.’’

मला माहीत आहे की कोल्हापूरला एकोणीस होती. मी हळूच मामांना बाजूला घेतले. ‘‘मामा, एकोणीस ना?’’ मामा कुजबुजले, ‘‘ग्वाल्हेरला एकवीस. बडोद्याला एकवीस. शिंदे-गायकवाड आमचे सरदार, आन् छत्रपतींच्या गादीला दोन कमी? इंग्रजानं चूक केली, ती आपून दुरुस्त करायची न्हाई तर कुणी?’’ या युक्तिवादाला उत्तर नव्हते. मी गप्प बसलो. दोन तोफांचा फरक सस्पेन्स खात्यात टाकला. ज्यांना हे खाते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जी रक्कम कुठली आणि कुणाची हे कळत नाही, ती बँक तात्पुरती या खात्यात ठेवते. तात्पुरती म्हणजे बहुधा कायमची.

नंतर मामांनी आम्हाला नगारखान्याच्या कमानीखाली नेले. ती भव्य दगडी कमान पाहून साहेब आणि बाईसाहेब दोघेही खरोखरच गप्प झाले. मामांना शांतता सहन होत नाही. हात पसरून ते म्हणाले, ‘‘हितला नगारा वाजला, की आवाज थेट मुरगूडपतोर जायाचा!’’

साहेबांनी पाच दिवसांच्या सवयीने विचारले, ‘‘याला आधार काय?’’

मामांनी क्षणभरही न थांबता माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘हे काय, आधार तुमच्यासंगट आलाय की. हे मुरगूडचेच. ह्येंच्या पणज्यानं ऐकलाय सोत्ताच्या कानानं. इचारा.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. बाईसाहेबांनी पाहिले. मुलीने पाहिले. मुरगूड कोल्हापुरापासून सरळ रेषेत मोजले तरी तीस किलोमीटरच्या पुढे. मध्ये डोंगर, ऊस आणि कागल. माझे पणजोबा मुरगुडात वेदगंगेच्या काठी शेती करत, इतके खरे. उतारवयात त्यांना शेजारच्या खोलीतली हाकही ऐकू येत नसे, असे आजी सांगायची. पण तीस किलोमीटरचा फरक पदरात घेऊन उभ्या राहिलेल्या मामांचा चेहरा मला बघवेना. शिवाय मामा सौ.चे.

माझी मान हलली.

आणि पाच दिवस एकाही पावतीवर विश्वास न ठेवलेल्या त्या गृहस्थाने वर कमानीकडे पाहिले आणि म्हटले, ‘‘कमाल आहे!’’

इथे थोडे थांबतो. धर्मराजाने युद्धात अश्वत्थामा मेल्याचे सांगितले, आणि तो माणूस की हत्ती हे हळू आवाजात म्हटले, तेव्हा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. लहानपणी मला वाटे, बिचाऱ्यावर अन्याय झाला. शब्द तर खरे होते! आता वाटते, रथ शब्दांमुळे खाली आला नसावा. समोर पुत्रशोकाने खचलेले द्रोणाचार्य विचारतात, आणि ते विचारतात का? तर हा माणूस खोटे बोलत नाही म्हणून. बाकीचे ओरडून सांगत होते त्यावर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. म्हणजे त्या दिवशी खर्च झाली ती धर्मराजाची आयुष्यभराची शिल्लक. माझा रथ जमिनीवरच होता, आणि शिल्लक म्हणाल तर मुलीच्या खात्यावर होती तेवढीच. पण हे मला तेव्हा नगारखान्याखाली सुचले नाही. तेव्हा मला एवढेच वाटले की चला, कुणाचे नुकसान तर झाले नाही.

तिथून आम्ही खासबागेत गेलो. इथे मामांना काही वाढवावे लागत नाही. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यावरून कुस्तीचे हे मैदान बांधले, असे सगळेच सांगतात. १९१२ साली ते पुरे झाले. मधोमध तांबड्या मातीचा आखाडा आणि भोवती वाटीसारखी चढत गेलेली जमीन. कुठेही बसा, पुढच्याचे डोके आड येत नाही. मला या मैदानाची हीच गोष्ट फार आवडते. जगात बहुतेक राजांनी प्रजेला दिसावे म्हणून स्वतः उंचावर बसायची सोय केली. इथे प्रजेला दिसावे म्हणून जमीनच खोल केलेली.

मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. १९१३ ते १५ मध्ये महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेले. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही गेलो तेव्हा ते पुन्हा उभे करण्याचे काम चालले होते. मामा बराच वेळ पत्र्याच्या कुंपणापाशी उभे राहिले. मला वाटले, आता ज्वाळा मुरगुडातून दिसल्या असे म्हणणार, आणि मी मनातल्या मनात मान तयार ठेवली. पण मामा एवढेच म्हणाले, ‘‘वडलांनी हितं पिटात बसवून नाटक दावलं हुतं.’’ कुठले नाटक, कुणाचे, किती लांबून लोक आले, काही नाही. हात खिशात. अख्ख्या फेरीत तेवढ्या ठिकाणी मामांनी एकही थाप मारली नाही.

मग उन्हातून भाऊसिंगजी रोडला लागलो. बाईसाहेबांनी वाटेत चपला घेतल्या, त्यांची घासाघीस हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. साहेबांना चहा हवा झाला. रस्त्याकडेच्या एका टपरीवर उभे राहून आम्ही चहा घेतला, आणि त्या रस्त्यावर उभे राहिल्यामुळे मला एक गोष्ट आठवली. मी सहसा बोलत नाही, पण मामांनी सकाळपासून इतका रंग भरला होता की मलाही वाटले, आपणही काहीतरी दाखवावे.

मी सांगितले, ‘‘साहेब, याच रस्त्यावर शाहू महाराज एका हॉटेलात चहा प्यायला येत.’’

गोष्ट अशी आहे. गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ महाराजांच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीचे. राखून ठेवलेल्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना म्हणाले की नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. त्यांनी हॉटेल काढले. बाटलेल्या हातचा चहा म्हणून कुणी फिरकेना. तेव्हा महाराज गाडी थांबवून त्यांच्याकडे चहा मागू लागले. आणि एकटे नाही. गाडीत मोठमोठे लोक असत, त्यांच्याही हातात कप देत. राजा पितो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसे म्हणता येईल?

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग हसले. ‘‘हे मात्र जरा जास्त झालं हं. त्या काळातला राजा? रस्त्यावरच्या हॉटेलात? याला काही आधार?’’

‘‘आहे ना. चरित्रांतून आहे. कोल्हापुरात कोणालाही विचारा.’’

बाईसाहेब म्हणाल्या, ‘‘नगाऱ्याचं पटलं बाई. पण हे काही पटत नाही.’’

मी मामांकडे पाहिले. आता साक्ष द्यायची पाळी त्यांची होती. मामा बशीत फुंकर घालत म्हणाले, ‘‘आसंल बाबा.’’ मामांच्या फेरीत ही गोष्ट नव्हतीच. का नव्हती ते त्यांनी नंतर सांगितले: ‘‘त्यात मान वर करून बघायजोगं काय हाय?’’

मी बँकेतला माणूस. काय झाले ते मला लगेच कळले. सकाळी नगाऱ्यावर मी माझे खाते रिकामे केले होते. आता दुपारी चहाचा चेक परत आला होता. पण एवढ्याने हिशेब जुळत नव्हता. कारण साहेबांना नगारा खोटा आहे हे माहीत नव्हते. त्यांच्या लेखी माझी शिल्लक शाबूत होती. तरीही त्यांनी खोटे बिनपावतीचे घेतले आणि खऱ्याला पावती मागितली. असे का व्हावे?

दसरा चौकाकडे चालताना मी याचा विचार करत होतो. नगाऱ्याचा आवाज तीस किलोमीटर जातो हे मानायला काही पडत नाही. मानून झाले की आपण वर बघतो, कमाल आहे म्हणतो, पुढे चालू लागतो. चहाचे तसे नाही. तो राजा त्या हॉटेलात चहा पीत होता हे एकदा मानले, की माणूस नकळत आपल्या हातातल्या कपाकडे बघतो. मी बघितले होते.

आमच्या मुरगूडच्या जुन्या घरी परसदाराच्या कोनाड्यात एक कप होता. कान तुटलेला. शिमग्याच्या आधी एक म्हातारी केरसुण्या घेऊन यायची, तिच्यासाठी. ती परसात बसायची, मी वरून चहा ओतायचा, ती पिऊन स्वतःच कप विसळायची आणि कोनाड्यात पालथा ठेवून जायची. मला ती ‘लेकरा’ म्हणायची. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९८७-८८ चा सुमार. शाहू महाराज जाऊन तेव्हा पासष्ट वर्षे होऊन गेली होती. महाराजांचा फोटो आमच्या सोप्यात होता. कप आणि फोटो यांत चार खणांचे अंतर. माझ्या आईने कधी कुणाला वाईट शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. तिने तो कपही कधी बोलून दाखवला नाही. तो तिथे असायचा, आणि आम्ही सगळे मान डोलवायचो.

टपरीवर हे मी कुणाला सांगितले नाही.

दसरा चौकातून मामांनी आम्हाला जवळजवळ पळवतच नेले. ‘‘हे बोर्डिंग, ते बोर्डिंग, चला, ऊन लागतंय.’’ खरे तर या शहरातली सर्वात राजेशाही इमारत कुठली असे मला कुणी विचारले, तर मी ही साधी वसतिगृहे दाखवीन. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिले निघाले, मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक. महाराज विलायतेत असताना २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या गॅझेटात हुकूम निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या लोकांना. खेड्यातली पोरे इथे येऊन राहिली, शिकली, कारकून झाली. माझ्या खिडकीमागच्या खुर्चीला काही वंशावळ असलीच तर ती राजवाड्यापेक्षा इथे सापडेल. पण पाट्या लहान आहेत, आणि मान वर करावी लागत नाही.

टाऊन हॉलवरून शेवटी नव्या राजवाड्याला पोचलो तेव्हा साहेबांच्या डॉक्टरांनी सांगितले होते त्याच्या चौपट चालणे झाले होते. काळ्या दगडाचा तो राजवाडा, मधला घड्याळाचा मनोरा, आत पेंढा भरलेले वाघ. वाघांच्या संख्येत मामांनी काय केले ते सांगत नाही. पण बाहेर हिरवळीपाशी ते म्हणाले, ‘‘हा वाडा बांधला त्या इंग्रजाचं डोस्कं फिरलं. आपल्या गणितात चूक झाली, वाडा पडणार, म्हणून झुरून मेला बिचारा.’’

मी मनात म्हटले, झाले, शेवटची थाप. माझ्या सस्पेन्स खात्यात आता जागाही उरली नव्हती. पण घरी आल्यावर शोधले, तर निघाले भलतेच. मेजर चार्ल्स मँट हा तो शिल्पकार. टाऊन हॉल त्याचाच. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यानेच आखला. १८८१ मध्ये तो वारला, कोल्हापूरचा राजवाडा १८८४ ला पुरा झाला. आणि आपले हिशेब चुकले, इमारती कोसळणार, या भयाने त्याला शेवटी ग्रासले होते, असे चक्क पुस्तकांतून छापलेले सापडते. मामांची जी एक गोष्ट मी खोटी धरली तिला छापील आधार! आता पुस्तक लिहिणाऱ्यालाही कोणी मामा भेटला असेल, हे नाकारता येत नाही. पण त्या मँटविषयी मला राहून राहून वाईट वाटते. मार्चअखेर रात्री साडेदहाला तेरीज जुळत नसताना माझी जी अवस्था होते, तिच्यात हा माणूस गेला. एवढा सगळा दगड उभा आहे, एक चिरा हललेला नाही, आणि हे त्याला सांगायला कोणी नाही. खोटा नगारा वाजवणारे आम्ही सुखाने झोपतो, आणि बरोबर गणित करणारा चूक झाली असेल या धाकाने जातो. हा न्याय कुठल्या खतावणीत बसवायचा ते मला कळत नाही.

संध्याकाळी साहेबांना गाडीत बसवून दिल्यावर मी मामांना म्हटले, ‘‘मामा, नगारा जरा जवळ आणला असता तर? कसबा बावड्यापर्यंत?’’

मामा रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘जावईबापू, तीस वर्सं एका रुपयाचा फरक आला तर डेपोत रात्री थांबवलंय मला. आता पेन्शनीत बी हिशेब मागतासा व्हय? मुंबईच्या माणसाकडं समुद्र हाय, इमानं हाईत. आपल्याकडं काय? येक नगारा. त्यो बावड्यापतोर ऐकू यायचा म्हटलं तर कोण थांबंल? मुरगूड म्हटल्यावर बघितला का न्हाई सायेबानं वर?’’

बघितले होते, हे खरे.

तपासणीचा अहवाल आला. चौऱ्याऐंशी रुपयांचा चहा त्यात होता. नगारा नव्हता. पाच महिने सगळे शांत होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. २६ जूनला शाहू जयंती, त्यासाठी मुलींना निबंध लिहायला सांगितले. रात्री मी जेवून सुपारी कातरत बसलो होतो, तर मुलगी वही घेऊन आली. ‘‘बाबा, आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे कोल्हापूरचा नगारा मुरगूडला दीड मिनिट उशिरा ऐकू येत असणार. मग पणजोबांना वाजणारा ठोका कळायचा की वाजून गेलेला?’’

मी सुपारी कातरत राहिलो. मग ती म्हणाली, ‘‘आणि पणजोबांनी नगारा ऐकला, तर ते त्या हॉटेलात चहा प्यायले होते का?’’

या प्रश्नाला मान कशी हलवायची ते मला ठरवता येईना. उभी हलवावी तर आणखी एक नगारा. आडवी हलवावी तर का नाही ते सांगावे लागणार. सौ. स्वयंपाकघरातून बघत होती. शेवटी मी अडकित्ता खाली ठेवला आणि सांगितले. नगारा पणजोबांनी ऐकला नाही, मी ऐकल्यासारखे केले. चहाचे मला माहीत नाही, पण प्यायले असते असे वाटत नाही. आणि मग कोनाड्यातल्या कपाचे सांगितले. ती कपात वरून चहा कोण ओतायचे, हेही.

ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘‘त्या आज्जींचं नाव काय होतं?’’

पाच-सहा वर्षे दर शिमग्याला मी त्या बाईला चहा ओतला. नाव मला माहीत नव्हते.

आठ दिवसांनी शाळेतून निरोप आला, सरांनी भेटायला बोलावले आहे. गेलो. मुलगी दाराशी उभी. सरांच्या पुढ्यात वही उघडी. नगाऱ्याचे वाक्य मुलीने मामांसोबतच्या सहलीनंतर लगेच लिहून ठेवले होते, त्याच्याखाली तांबड्या शाईत ‘छान!’ अशी शेरेवजा रेघ. ते वाक्य मी घरी आधीच खोडले होते आणि बँकेच्या रिवाजाप्रमाणे खाडाखोडीशेजारी पूर्ण सही केली होती. खाली तिने नवा परिच्छेद लिहिला होता. आमच्या घरी एक वेगळा कप होता, तो माझ्या बाबांनी पाहिला आहे, असा. त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह.

सर चांगले आहेत. मुलांसाठी झटतात. मला खुर्ची देऊन हळू आवाजात म्हणाले, ‘‘निबंध एक नंबर आहे. जयंतीला स्टेजवर वाचायला लावणार आहे. फक्त एवढंच, नगारा तुम्ही उगाच खोडलाय, तो राहू दे. आणि कपाचं तेवढं काढू या. घरची गोष्ट आहे. कार्यक्रमाला सगळी मंडळी असतात. तुमच्या बँकेचे गिऱ्हाईकही असतील. काय?’’

सरांनी माझ्याकडे पाहिले. दाराशी मुलगीही बघत होती. माझी मान सवयीने निघाली होती. ती कशी थांबली कोण जाणे, पण मानेत एक बारीक कळ आली आणि ती दोन दिवस राहिली.

‘‘सर,’’ मी म्हटले, ‘‘कप राहू दे. नगारा काढा.’’

‘‘नगारा कसा काढू?’’ सर म्हणाले, ‘‘आमच्या आज्ज्यानं बी ऐकलाय.’’